छातीत दुखतंय, पण हृदय ठीक आहे: मग डॉक्टर खरं कारण कसं शोधतात?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या एका घरात पस्तिशीतला एक माणूस अंथरुणात उठून बसतो. संध्याकाळी मित्रांसोबत नान-खलियावर आडवा हात मारलेला. आता छातीच्या मधोमध जळजळतंय, घशाशी आंबट येतंय आणि मधूनच डाव्या खांद्याकडे कळ जातेय.

आई म्हणते, "अरे, गॅस धरला असेल. ओवा खा नि पड." बायको म्हणते, "अहो, उगाच वेळ नका काढू, रिक्षा करून घाटीत जाऊ." आणि तो माणूस मोबाईल काढून शोधत बसतो: 'छातीत दुखणे, गॅस की हार्ट अटॅक?'

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण थोड्याफार फरकाने तो अनेक घरांत घडलेला असतो. यात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. हार्ट अटॅकला गॅस समजलं तर जीव जाऊ शकतो. आणि ॲसिडिटीला हार्ट अटॅक समजून वर्षानुवर्षं भीतीत, एकामागून एक तपासण्या करत काढली, तर माणूस आजारापेक्षा धास्तीनेच खचतो.

मग डॉक्टर हा फरक कसा ओळखतात? हृदयाचं कारण नसेल तर दुसरं कारण कसं सापडतं? आणि 'ईसीजी नॉर्मल आहे' याचा नेमका अर्थ काय? समजून घेऊया.

सगळ्यात आधी: कधी वाट बघायची नाही?

पुढचं सगळं नंतर वाचलं तरी चालेल, पण ही यादी आधी वाचा. छातीत दुखण्यासोबत यातलं काहीही असेल, तर लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा:

- छातीवर दगड ठेवल्यासारखं, आवळल्यासारखं वाटणं आणि ते काही मिनिटांत न थांबणं
- दुखणं हात, खांदा, मान, जबडा किंवा पाठीकडे जाणं
- दरदरून घाम, मळमळ, उलटी, चक्कर
- धाप लागणं, बोलताना दम तुटणं
- चालताना किंवा जिना चढताना दुखणं आणि थांबलं की कमी होणं, विशेषतः हे अलीकडेच सुरू झालं असेल किंवा वाढत असेल तर
- छातीतून पाठीत काहीतरी फाटत गेल्यासारखी अचानक आलेली प्रचंड वेदना
- शुद्ध हरपणं

मधुमेह असलेल्यांना, वयस्कर मंडळींना आणि स्त्रियांना दुखण्यापेक्षा धाप, मळमळ, खूप थकवा, पाठ किंवा जबडा दुखणं अशी लक्षणं ठळक जाणवू शकतात. त्यामुळे 'छातीत फार दुखत नाही, म्हणजे हृदय नाही' हा हिशोब चुकीचा आहे.

आणखी एक गोष्ट. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

छातीत दुखणाऱ्या किती जणांना हृदयाचा त्रास असतो?

अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०२१ मध्ये छातीतल्या दुखण्याबद्दल सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात दिलेली आकडेवारी बोलकी आहे. तिथे दरवर्षी ६५ लाखांहून जास्त वेळा लोक छातीत दुखतं म्हणून आपत्कालीन विभागात जातात. त्यातल्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास लोकांमध्ये हार्ट अटॅक किंवा त्याच्या उंबरठ्यावरची स्थिती सापडते. निम्म्याहून जास्त लोकांमध्ये शेवटी कारण हृदयाबाहेरचं निघतं.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे मराठवाड्याला लावता येणार नाहीत. उलट आपल्याकडे एका बाबतीत जास्त सावध राहायला हवं. अनेक देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो, तर इतर देशांतल्या लोकांना ५९ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. 'अजून चाळिशी पण नाही, मला कसला अटॅक?' हे म्हणणं धोक्याचं आहे.

याच मार्गदर्शक तत्त्वांत एक छोटा पण महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी डॉक्टर 'टिपिकल' आणि 'अटिपिकल' दुखणं असे शब्द वापरायचे. 'अटिपिकल' म्हटलं की अनेकांना ते 'किरकोळ' वाटायचं. म्हणून तो शब्द टाळून आता तीन गट सुचवले आहेत: हृदयाचं, कदाचित हृदयाचं आणि हृदयाबाहेरचं.

गॅस आणि हार्ट अटॅक सारखेच का वाटतात?

बोटाला टाचणी टोचली तर कुठल्या बोटाला टोचली हे डोळे मिटूनही सांगता येतं. आतल्या अवयवांचं तसं नसतं. हृदय, अन्ननलिका, फुप्फुसांचं आवरण आणि जठराचा वरचा भाग यांच्याकडून निघालेले वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या जवळपास त्याच पातळ्यांवर पोहोचतात. मेंदूला कळतं की छातीच्या आत काहीतरी दुखतंय, पण नेमकं काय, हे त्याला नीट ओळखता येत नाही. त्याच मज्जारज्जूच्या पातळीवर हात, खांदा यांच्याही नसा येतात. म्हणून हृदयाचं दुखणं हातात जाणवतं.

अन्ननलिका तर हृदयाच्या अगदी मागेच असते. त्यामुळे ॲसिड वर आलं की जळजळ नेमकी तिथेच होते, जिथे हृदयाचं दुखणं जाणवतं. तेव्हा 'कुठे दुखतंय' एवढ्यावरून निदान होत नाही.

रुग्णालयात पहिल्या काही मिनिटांत काय होतं?

छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर आधी 'हे काय आहे' असं विचारत नाहीत. आधी 'हे काय असता कामा नये' हे बघतात. जीवघेणी कारणं एकेक करून बाजूला काढायची आणि मग उरलेल्यांमधून खरं कारण शोधायचं, असा हा क्रम असतो.

ईसीजी: रुग्ण पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी काढून तो डॉक्टरांनी बघावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हृदयाची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर बहुतेकदा ते इथेच दिसतं. पण ईसीजी हा त्या क्षणाचा फोटो आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी हार्ट अटॅक असू शकतो. म्हणूनच दुखणं सुरू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात.

ट्रोपोनिन: ही रक्ताची तपासणी आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात येतं. पण ते यायला वेळ लागतो. दुखायला लागून तासभरच झाला असेल तर पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे १ ते ३ तासांनी, आणि जुन्या पद्धतीची तपासणी असेल तर ३ ते ६ तासांनी ती पुन्हा करतात. दोन रिपोर्टमधला फरक जास्त महत्त्वाचा असतो. रुग्णालयात 'थांबा, अजून एक रक्त घ्यायचंय' असं म्हणतात, ते यासाठी. तिथून उठून घरी जाऊ नका.

'हार्ट' स्कोअर: नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडलेली ही सोपी पद्धत आहे. दुखण्याचं वर्णन, ईसीजी, वय, धोक्याचे घटक (मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, घरातला इतिहास वगैरे) आणि ट्रोपोनिन, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. एकूण ० ते ३ आले तर धोका कमी, ४ ते ६ मध्यम आणि ७ ते १० जास्त. हा हिशोब डॉक्टरांनीच करायचा आहे, कारण त्यात ईसीजी आणि रक्ताचा रिपोर्ट लागतो. घरबसल्या मोबाईलवर तो पूर्ण होत नाही.

छातीचा एक्स-रेही बहुतेकदा काढतात. न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती साचलेलं पाणी किंवा हवा, तुटलेली बरगडी अशा गोष्टी त्यात दिसू शकतात.

'स्नायू आखडला असेल' असं वाटलं तेव्हा

१४ डिसेंबर २०२३ ला अभिनेते श्रेयस तळपदे मुंबईत एका हिंदी चित्रपटाचं शूटिंग करत होते. त्या दिवशी त्यांना हार्ट अटॅक आला आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. नंतर दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की शॉट झाल्यावर धाप लागली आणि डावा हात दुखायला लागला, पण ॲक्शनची दृश्यं केल्यामुळे स्नायू ताणला गेला असेल असं त्यांना आधी वाटलं.

हे वाटणं स्वाभाविक होतं. अंगमेहनत झाली होती, हात दुखत होता, म्हणजे स्नायू. म्हणूनच 'हृदयाबाहेरचं दुखणं' हे निदान घरी स्वतःच्या मनाने करायचं नसतं. ते तपासणीनंतर करायचं असतं.

हृदय नाही, तरीही जीवघेणं: ही कारणं कोणती?

'हार्ट अटॅक नाही' म्हणजे 'धोका नाही' असं नाही. काही कारणं डॉक्टर तितक्याच घाईने तपासतात.

- महाधमनी फाटणं: हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीला चीर जाते. दुखणं अचानक, सुरुवातीलाच अतिशय तीव्र आणि पाठीत जाणारं असतं. दोन्ही हातांच्या बीपीमध्ये मोठा फरक असू शकतो. निदानासाठी सीटी अँजिओग्राफी लागते.
- फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं: अलीकडे झालेलं ऑपरेशन, पायाचं प्लास्टर, बरेच दिवस अंथरुणाला खिळणं, बाळंतपण किंवा एका पायाला सूज असेल तर ही शंका घेतात. अचानक धाप लागते आणि श्वास घेताना दुखतं. धोका कमी वाटला तर 'डी-डायमर' ही रक्ततपासणी, जास्त वाटला तर थेट सीटी.
- फुप्फुसाभोवती हवा भरणं: उंच, सडपातळ तरुण मुलांमध्येही हे अचानक होऊ शकतं. एका बाजूला टोचतं आणि दम लागतो. एक्स-रेमध्ये दिसतं.
- अन्ननलिका फाटणं: दुर्मिळ, पण जोरजोरात उलट्या झाल्यावर लगेच छातीत भयंकर दुखायला लागलं तर याचा विचार करतात.

ही कारणंही बाजूला झाली की मग शोध पुढच्या टप्प्यावर जातो.

कारण १: अन्ननलिका, म्हणजे आपली नेहमीची 'ॲसिडिटी'

हृदयाबाहेरच्या कारणांमध्ये सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे जठरातलं ॲसिड अन्ननलिकेत उलटं येणं. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवं पडल्यावर जळजळ वाढणं, आंबट ढेकर, घशाशी येणं, सकाळी आवाज बसणं, कोरडा खोकला अशी याची लक्षणं असतात. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवायचं आणि लगेच झोपायचं, वाढलेलं पोट, तंबाखू आणि दारू यांनी त्रास वाढतो.

निदान कसं करतात? हृदयाचं कारण नाही हे स्पष्ट झाल्यावर, आणि धोक्याची लक्षणं नसतील तर, डॉक्टर अनेकदा ॲसिड कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल अशा गोळ्या काही आठवडे देऊन बघतात. दुखणं स्पष्टपणे कमी झालं तर ॲसिड हेच कारण असण्याची शक्यता वाढते. इथे औषध हीच एक प्रकारची चाचणी असते. म्हणून ती नीट घ्यावी लागते: जेवणाच्या अर्धा तास आधी, रोज, सांगितलेले दिवस. 'दुखलं की एक घेतो' अशाने उपचारही होत नाही आणि निदानही होत नाही.

गिळताना अडकणं, वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा रक्त कमी होणं यातलं काही असेल तर थेट एन्डोस्कोपी करतात. पण एक लक्षात ठेवा: ॲसिड वर येण्याचा त्रास असलेल्या अनेकांची एन्डोस्कोपी नॉर्मल येते. तरीही शंका उरली तर नाकातून बारीक नळी टाकून २४ तास अन्ननलिकेतल्या ॲसिडची नोंद घेतात. अन्ननलिकेचे स्नायू वेडेवाकडे आकुंचन पावत असतील तर ते मोजायची 'मॅनोमेट्री' ही वेगळी तपासणी असते. या दोन तपासण्या साध्या दवाखान्यात होत नाहीत, त्यासाठी पोटविकार तज्ज्ञांकडे जावं लागतं.

कारण २: बरगड्या आणि स्नायू

बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे कूर्चेने जोडलेल्या असतात, तिथे सूज येऊन दुखू शकतं. याला 'कॉस्टोकॉन्ड्रायटिस' म्हणतात. बोटाने दाबलं की नेमकं तेच दुखणं पुन्हा होतं. कूस बदलताना, खोकताना, वजन उचलताना ते वाढतं. सोबत त्या जागी दिसण्यासारखी सूज असेल तर त्याला 'टीत्झे सिंड्रोम' म्हणतात. जर्मन सर्जन अलेक्झांडर टीत्झे यांनी १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

यासाठी वेगळी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. डॉक्टरांचा हात हीच तपासणी. प्रत्येक बरगडीच्या जोडावर दाबून ते विचारतात, "हेच दुखणं का?" दाबल्यावर कुठेतरी दुखणं पुरेसं नाही, रुग्ण ज्यासाठी आला तेच दुखणं उमटायला हवं.

व्यायामशाळेत पहिल्याच आठवड्यात जास्त वजन उचललेलं, गोण्या वाहिलेल्या, महिनाभर खोकला झालेला, बाईकवरून लांबचा प्रवास केलेला अशा गोष्टी इथे महत्त्वाच्या ठरतात. आपल्याकडे ज्याला 'उसण भरली' म्हणतात, तेही बहुतेकदा स्नायूचंच दुखणं असतं. मानेच्या मणक्याची नस दबली असेल तर दुखणं मान-खांद्यातून छातीच्या वरच्या भागात येऊ शकतं.

किशोरवयीन आणि तरुण मुलांमध्ये डाव्या बाजूला सुई टोचल्यासारखी कळ येते, खोल श्वास घेतला की वाढते आणि काही सेकंदांत किंवा दोन-तीन मिनिटांत जाते. हा प्रकार बहुतेकदा निरुपद्रवी असतो. पण खेळताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर मुलाची हृदयाची तपासणी करायलाच हवी.

कारण ३: नागीण

छातीच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी आग होते. कपडा लागला तरी सहन होत नाही. ईसीजी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. आणि दोन-चार दिवसांनी त्याच पट्ट्यात पाण्याचे फोड येतात. ही नागीण. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू नसेत दबून बसलेला असतो, तो वयोमानाने किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर पुन्हा डोकं वर काढतो.

फोड येण्याआधी हे ओळखणं अवघड असतं. म्हणून दुखणं सुरू झाल्यावर रोज त्या जागेची त्वचा बघा. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालं तर त्याचा जास्त उपयोग होतो. शेणाचा लेप, मंत्र किंवा 'नागिणीने विळखा पूर्ण केला की माणूस मरतो' या समजुतीत हे तीन दिवस निघून जातात.

कारण ४: फुप्फुसं

खोल श्वास घेताना, खोकताना एका बाजूला चमक मारत असेल आणि सोबत ताप असेल, तर न्यूमोनिया किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज असू शकते. भारतात यात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, घटणारं वजन असेल तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करतात. फुप्फुसाभोवती पाणी झालं असेल तर सुईने थोडं काढून ते तपासतात. क्षयरोगाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

कारण ५: पोटाचा वरचा भाग

पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाची सूज आणि जठरातला अल्सर यांचं दुखणं वर छातीकडे सरकू शकतं. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती उजव्या खांद्याकडे जात असेल तर सोनोग्राफी करतात. दुखणं पोटातून आरपार पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील तर स्वादुपिंडासाठी लायपेज ही रक्ततपासणी करतात.

कारण ६: मन

१८७१ मध्ये जेकब दा कोस्टा या अमेरिकी डॉक्टरांनी तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल एक निबंध लिहिला. या सैनिकांना छातीत दुखायचं, धडधडायचं, धाप लागायची, पण हृदयात काही बिघाड सापडायचा नाही. पुढे या त्रासाला त्यांचंच नाव पडलं. आज यातल्या बऱ्याच लक्षणांकडे चिंतेचा विकार किंवा 'पॅनिक ॲटॅक' म्हणून पाहिलं जातं.

पॅनिक ॲटॅकमध्ये त्रास अचानक सुरू होतो आणि काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो. छाती आवळते, हात-पाय थरथरतात, ओठ-बोटांना मुंग्या येतात, 'आता आपण मरणार' असं ठामपणे वाटतं. हे नाटक नसतं. दुखणं खरं असतं, कारण शरीरात त्या वेळी धोक्याची सगळी यंत्रणा खरोखर जागी झालेली असते.

दोन चुका इथे होतात. एक, तपासणी न करताच 'टेन्शन आहे' म्हणून सोडून देणं. स्त्रियांच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते. दुसरी, सगळं नॉर्मल आल्यावर 'तुम्हाला काही झालेलं नाही' एवढंच सांगून घरी पाठवणं. चिंतेचा विकार हे 'काहीच न सापडल्याचं' दुसरं नाव नाही. त्याची स्वतःची लक्षणं आहेत, ती प्रश्न विचारून तपासता येतात, आणि समुपदेशन व औषधांनी तो बरा होऊ शकतो. सरकारच्या 'टेलिमानस' या मोफत हेल्पलाईनवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, २४ तास बोलता येतं.

घरच्या 'चाचण्या' किती खऱ्या?

'सॉर्बिट्रेट ठेवली आणि दुखणं थांबलं, म्हणजे हृदयच.' चुकीचं. ही गोळी अन्ननलिकेचे आखडलेले स्नायूही सैल करते. शिवाय तिने बीपी एकदम खाली येऊ शकतं. वडिलांच्या डबीतली गोळी मुलाने घ्यायची नाही.

'सोडा किंवा ईनो घेतल्यावर बरं वाटलं, म्हणजे गॅसच.' हेही चुकीचं. हृदयाचं दुखणंही काही वेळ आपोआप कमी होतं, आणि श्रेय मात्र सोड्याला मिळतं. सगळ्यांत जास्त फसवणारी चाचणी हीच.

'दाबलं की दुखतं, म्हणजे हृदय नाही.' शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

'मागच्याच महिन्यात ईसीजी नॉर्मल होता.' तो मागच्या महिन्यातला होता. आजच्या दुखण्याबद्दल तो काही सांगत नाही.

अँजिओग्राफीही नॉर्मल आली, तरी दुखतंच. मग?

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात, अतिबारीक नाहीत. काही लोकांमध्ये, आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण जास्त असतं, मोठ्या नळ्या साफ असूनही बारीक नळ्यांमध्ये रक्त नीट वाहत नाही. मेहनत केल्यावर दुखत असेल तर डॉक्टर याचाही विचार करतात. हृदयाच्या आवरणाला सूज असेल तर झोपल्यावर दुखणं वाढतं आणि पुढे झुकून बसल्यावर कमी होतं. त्यासाठी ईसीजी आणि टूडी इको बघतात.

म्हणजे 'हृदयाबाहेरचं' हा शिक्का मारण्याआधीही एकदा नीट विचार लागतो. पण एकदा तो मारला की पुढचं काम तिथे थांबत नाही. कारणाला नाव मिळायला हवं. नाव मिळालं नाही की रुग्ण पुन्हा पुन्हा रात्री रुग्णालयात येतो, वेगवेगळ्या दवाखान्यांत त्याच तपासण्या करतो, चालणं-फिरणं आणि कामही कमी करतो. 'तुमचं हृदय ठीक आहे' हे अर्धं उत्तर आहे. 'हे दुखणं यामुळे होतंय आणि त्यावर हे करायचं' हे पूर्ण उत्तर. ते मागायचा रुग्णाला हक्क आहे.

डॉक्टरांकडे जाताना काय तयारी ठेवाल?

- जुना ईसीजी सोबत न्या. नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघितला की बदल नवा आहे की आधीचाच, हे कळतं. ईसीजीचा कागद बहुतेकदा उष्णतेने छापणारा असतो, त्यावरची रेघ काही महिन्यांत पुसट होते. हातात मिळाल्याच दिवशी फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.
- दुखण्याची नोंद ठेवा. कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, तेव्हा काय करत होता, काय खाल्लं होतं, कशाने वाढलं, कशाने थांबलं.
- जागा दाखवा. एका बोटाने दाखवता येतं की तळहात फिरवावा लागतो, यातूनही डॉक्टरांना अंदाज येतो.
- गोळ्या लपवू नका. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक, लैंगिक शक्तीची औषधं, जिमची पावडर, तंबाखू, दारू, सगळं सांगा. काही औषधं एकमेकांसोबत धोकादायक ठरतात, तर काहींनी ॲसिडिटी वाढते.
- घरातला इतिहास सांगा. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धोक्याचा घटक धरला जातो.
- निघताना एक प्रश्न नक्की विचारा: "पुन्हा दुखलं तर कुठल्या लक्षणांना लगेच यायचं?"

मग उस्मानपुऱ्यातल्या त्या माणसाने काय करावं?

बायकोचं ऐकावं. त्याची बहुतेक लक्षणं ॲसिडिटीची आहेत हे खरं, आणि शेवटी तेच निघण्याची शक्यताही मोठी आहे. पण खांद्याकडे जाणारी कळ आहे, दुखणं नवं आहे आणि आधीचा एकही ईसीजी नाही. उस्मानपुऱ्यातून घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, काही किलोमीटरवर आहे. जालना, बीडच्या गावांतून लोक कित्येक तासांचा प्रवास करून जिथे येतात, ते रुग्णालय शहरातल्या माणसाला रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर काही मिनिटांत गाठता येतं.

ईसीजी निघेल, रक्त दोनदा घेतलं जाईल. सगळं नॉर्मल आलं तर पहाटे तो घरी येईल. 'उगाच गेलो, नुसता गॅस होता' असं त्याला वाटेल. पण तो उगाच गेलेला नसेल. नुसता गॅस होता हे त्याला आता खात्रीने माहीत असेल, आणि पुढच्या वेळी ताडून बघायला एक ईसीजी हातात असेल.

मग काही दिवसांनी, दिवसाउजेडी, त्याने पोटाच्या डॉक्टरांकडे जावं. आणि रात्रीचं जेवण थोडं लवकर करावं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही. छातीत दुखत असेल तर आधी वैद्यकीय मदत घ्या.)